जागच्या जागी उडालेले जेट

हॉकर पी.1127 हे धावपट्टीवर न धावता सरळ वर उठणारे आणि तसेच सरळ खाली उतरणारे प्रायोगिक जेट विमान ब्रिटनमध्ये 1957 ते 1960 या काळात आकाराला आले. अशी विमाने त्याच्या आधीही झाली आणि नंतरही. अमेरिका, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, सोव्हिएत संघ या सगळ्यांनी त्या काळात हा प्रयोग करून पाहिला. त्यांतली बहुतेक विमाने संग्रहालयात गेली किंवा शेतात कोसळली. पी.1127 चे मात्र पुढे हॅरियर झाले आणि हॅरियरची सागरी आवृत्ती, म्हणजे सी हॅरियर, तीन दशकांहून अधिक काळ गोव्याच्या दाबोळी तळावरून उडत राहिली. इतरांना जमले नाही ते याला जमले, त्याचे मुख्य कारण म्हणजे त्याच्या रचनेतला साधेपणा. एवढ्या अवघड कामासाठी त्यात एकच इंजिन होते.

अशा विमानाची गरज भासली ती युद्धाच्या भीतीपोटी. जेट विमाने जसजशी वेगवान आणि जड होत गेली, तसतशा त्यांच्या धावपट्ट्याही लांबत गेल्या. काँक्रीटची दोन-तीन किलोमीटरची पट्टी लपवता येत नाही आणि हलवताही येत नाही. युरोपात युद्ध पेटले तर पहिल्या काही तासांतच अशा पट्ट्या अणुबाँबने उखडल्या जातील आणि विमाने धडधाकट असूनही जमिनीवरच अडकून पडतील, ही चिंता 1950 च्या दशकात ‘नाटो’च्या सेनाधिकाऱ्यांना सतावत होती. रानातल्या मोकळ्या जागेतून उडू शकणारे लढाऊ विमान हा त्यावरचा उपाय होता.

उपाय सुचणे सोपे होते. अडचण वजनाची होती. नेहमीच्या विमानाला स्वतःच्या वजनाइतका रेटा लागत नाही. इंजिन विमानाला पुढे ढकलते, वेगामुळे पंखांवरून हवा वाहते आणि विमानाचे वजन पंख उचलतात. म्हणून वजनाच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी रेट्यावर विमान आरामात उडते. सरळ वर उठायचे तर पंखांचा काहीच उपयोग नसतो. सगळे वजन इंजिनाच्या झोतानेच पेलावे लागते, म्हणजे रेटा वजनाहून जास्त हवा. अशी ताकदवान आणि तरीही हलकी जेट इंजिने पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत नव्हतीच.

दुसरी अडचण तोल सांभाळण्याची. विमानाच्या शेपटीवरची आणि पंखांवरची हलती पाती वाहत्या हवेच्या जोरावर काम करतात. विमान हवेत एका जागी थांबले की ती निरुपयोगी होतात, आणि झोतावर उभे असलेले विमान तळहातावर तोललेल्या काठीसारखे कोणत्याही बाजूला कलंडू शकते. यापुढचा टप्पा तर सर्वांत नाजूक. झोताच्या आधारावरून पंखांच्या आधारावर जाताना आणि परत येताना मध्ये काही सेकंद असे असतात, की विमान धड झोतावर नसते आणि धड पंखांवरही नसते.

सुरुवातीच्या अभियंत्यांनी विमानालाच शेपटीवर उभे करून पाहिले. अमेरिकेतील रायन कंपनीचे एक्स-13 हे असे जेट विमान. ते ट्रेलरवर उभ्या केलेल्या चौकटीतल्या तारेला नाकाच्या आकड्याने टांगलेले असे, तिथूनच वर उठे, आडवे होऊन उडे आणि पुन्हा उभे होऊन त्याच तारेला येऊन लटके. 11 एप्रिल 1957 रोजी त्याने ही सगळी कसरत यशस्वी करून दाखवली आणि जुलैमध्ये वॉशिंग्टनमध्ये पेंटागॉनसमोर तिचे प्रात्यक्षिकही झाले. पाहायला ते विलक्षण होते, पण युद्धात त्याचा उपयोग काय, हे कोणालाच सांगता येईना. वैमानिकाला पाठीवर पडून, जमीन न दिसता, एक आकडा एका तारेत अडकवायचा होता. फ्रान्सचे ‘कोलेऑप्तेर’ हेदेखील शेपटीवर बसणारे विमान होते. ते 1959 च्या जुलैमध्ये आडवे होण्याच्या प्रयत्नात कोसळले.

ब्रिटनमध्ये रोल्स-रॉइस कंपनीने वेगळी वाट धरली. 1954 मध्ये तिने पंख नसलेला एक सांगाडा दोन नीन जेट इंजिनांच्या झोतांवर मोकळा उडवला. लोकांनी त्याचे नाव ‘उडती खाट’ ठेवले. या प्रयोगांमागे कंपनीचे शास्त्रज्ञ ए. ए. ग्रिफिथ यांची कल्पना होती. वर उचलण्यासाठी विमानाच्या पोटात छोटी हलकी इंजिने उभी बसवायची आणि पुढे जाण्यासाठी वेगळे इंजिन ठेवायचे, अशी ती योजना. त्यातून बेलफास्टच्या शॉर्ट कंपनीचे एससी.1 हे विमान तयार झाले. त्यात चार इंजिने उचलण्यासाठी आणि पाचवे ढकलण्यासाठी होते. 6 एप्रिल 1960 रोजी त्याने उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात जाऊन दाखवले, म्हणजे कालक्रमाने ते पी.1127 च्या पुढे होते. तोल सांभाळायला त्यात विद्युत यंत्रणाही होती आणि ती त्या काळाच्या मानाने फारच पुढारलेली होती. पण 1963 मध्ये याच यंत्रणेतले गायरो बिघडले, विमान जमिनीच्या अगदी जवळ असताना उलटले आणि वैमानिकाचा मृत्यू झाला. शिवाय या पद्धतीत मुळातच एक खोट होती. एकदा वेग आला की उचलणारी चारही इंजिने बंद होत आणि उरलेला सगळा प्रवास विमान त्यांचे ओझे वाहत राही.

पी.1127 ची गोष्ट सुरू झाली ती एका फ्रेंच माणसापासून. मिशेल विबो हे जुने विमानरचनाकार. 1956 मध्ये त्यांनी एका विमानाचा आराखडा मांडला. त्यात ब्रिस्टल कंपनीच्या ओरायन इंजिनाच्या दांड्यावर चार मोठे ब्लोअर फिरणार होते. ब्लोअरच्या आवरणांची तोंडे वळवली की हवेचा झोत मागे किंवा खाली जाणार होता. विमान आडवेच राहील, वळेल तो झोत, ही या आराखड्यातली खरी मोलाची गोष्ट होती. फ्रान्समध्ये कोणी दाद दिली नाही. मग हा आराखडा ‘नाटो’ देशांच्या शस्त्रविकासाला अमेरिकी पैसा पुरवणाऱ्या पॅरिसमधल्या कार्यालयात पोचला आणि तिथून ब्रिस्टलच्या इंजिन विभागाचे तांत्रिक प्रमुख स्टॅन्ली हूकर यांच्या टेबलावर आला.

हूकर यांनी तो आपले सहकारी गॉर्डन लुइस यांच्याकडे सोपवला. लुइस यांना कल्पना पटली, पण चार ब्लोअर, त्यांचे दांडे आणि दातेरी चाके हा पसारा त्यांना नको होता. चार ब्लोअरऐवजी त्यांनी इंजिनाच्या पुढे एकच मोठा पंखा बसवला. पंख्याची हवा दोन्ही बाजूंच्या वळत्या तोंडांतून, म्हणजे नोझलमधून, बाहेर पडणार होती. पंख्यासाठी कंपनीच्या ऑलिंपस इंजिनाचे पुढचे टप्पे घेतले आणि गाभा म्हणून ऑर्फियस हे लहानखुरे इंजिन निवडले. हे ऑर्फियस भारताला परके नाही. नॅट हे छोटे लढाऊ विमान आणि कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूत घडलेले मरुत ही दोन्ही विमाने याच इंजिनावर उडाली. नव्या इंजिनाला पेगॅसस हे नाव मिळाले. त्याच्या विकासाचा तीन चतुर्थांश खर्च पॅरिसच्या त्या कार्यालयामार्फत अमेरिकेने उचलला.

पण इंजिनाला विमान हवे होते. हॉकर कंपनीचे मुख्य रचनाकार सिडनी कॅम म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या हरिकेनचे जनक. 1957 मध्ये त्यांनी हूकर यांना उभ्या उड्डाणासाठी काय चालले आहे, अशी पत्राने विचारणा केली. उत्तरादाखल लुइस यांच्या इंजिनाची माहिती आली आणि ती हॉकरच्या किंग्स्टनमधल्या कचेरीत राल्फ हूपर या तरुण अभियंत्याच्या हाती पडली. वेळ चांगली नव्हती. त्याच वर्षी ब्रिटनचे संरक्षणमंत्री डंकन सँडिस यांनी श्वेतपत्रिका काढून, क्षेपणास्त्रांच्या युगात वैमानिकाने चालवायच्या नव्या लढाऊ विमानांची फारशी गरज उरली नसल्याचे जाहीर केले होते. सरकारकडून पैसा मिळण्याची आशा नव्हती. हॉकरने पहिली दोन विमाने स्वतःच्या जोखमीवर सुरू केली, सरकारी कंत्राट आले ते 1960 मध्ये.

हूपर यांच्या पहिल्या रेखाटनात फक्त पुढची दोन नोझल वळत होती आणि मागचा तप्त झोत नेहमीप्रमाणे शेपटीतून बाहेर जात होता. म्हणजे निम्मा रेटा उचलण्याच्या कामी येतच नव्हता. मग त्यांना सी हॉक आठवले. हॉकरच्याच या नौदल विमानात इंजिनाचा झोत दोन भागांत विभागून दोन्ही कुशींतून बाहेर काढला होता. तीच युक्ती इथे वापरून मागचा झोत फोडला आणि त्यालाही दोन वळती नोझल लावली. अशी चार नोझल झाली, पुढची दोन तुलनेने थंड हवेची आणि मागची दोन तप्त वायूची. ती साखळ्या आणि दांड्यांनी एकमेकांना अशी जोडली, की चारही एकाच वेळी आणि एकाच कोनात वळावीत. त्यांच्या मधोमध विमानाचा गुरुत्वमध्य आला. कोणत्याही कोनात झोत वळला तरी विमान पुढे-मागे झुकू नये, ही यातली खुबी.

आणखी एक चाल तितकीच महत्त्वाची ठरली. वेगाने फिरणारी जड वस्तू आपली दिशा बदलू देत नाही, उलट भलत्याच दिशेला झुकते. हवेत थांबलेल्या विमानात इंजिनाच्या फिरण्याचा हा परिणाम जीवघेणा ठरू शकला असता. म्हणून पेगॅससमधला पंखा एका दिशेने आणि गाभ्याचा कॉम्प्रेसर त्याच्या उलट दिशेने फिरवला, म्हणजे दोघांचे परिणाम एकमेकांना जवळजवळ खोडून काढत. उरलेला तोल सांभाळण्यासाठी कॉम्प्रेसरमधून दाबाची हवा नळ्यांनी नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांपर्यंत नेली. वैमानिकाने नेहमीची दांडी हलवली की त्या छिद्रांतून हवेचे फवारे सुटत आणि विमान सावरे. कॉकपिटमध्ये नवी गोष्ट एकच होती. डाव्या हाताशी, थ्रॉटलच्या शेजारी, नोझलचा कोन ठरवणारा एक लिव्हर. एससी.1 मधल्या विद्युत यंत्रणेच्या शेजारी ठेवून पाहिले तर हे सगळे जवळजवळ गावठी वाटावे असे होते, आणि नेमके तेच टिकले.

साधेपणाची किंमतही मोजावी लागली. नोझल कुशीत असल्याने चाके पंखांखाली लावता येईनात. ती सायकलसारखी एकामागे एक पोटाखाली बसवली आणि कलंडू नये म्हणून पंखांच्या टोकांना छोटी आधारचाके दिली. इंजिन विमानाच्या ऐन मध्यात असल्याने ते दुरुस्तीसाठी काढायचे तर आधी संपूर्ण पंख उचलून बाजूला ठेवावा लागे. मेकॅनिकांची ही डोकेदुखी हॅरियरपर्यंत कायम राहिली.

1960 च्या ऑक्टोबरमध्ये पहिले विमान, क्रमांक एक्सपी 831, सरे परगण्यातील डन्सफोल्ड विमानतळावर तयार होते. पेगॅसस तेव्हा सुमारे 11,000 पौंड, म्हणजे जवळपास 5,000 किलोग्रॅम रेटा देत होते. विमानाचे वजन त्याच्या आत बसवण्यासाठी त्यातून काढता येईल ते सगळे काढून टाकले होते. खाली एक खड्डा खणून त्यावर जाळीचा चौथरा केला होता. तप्त झोत जमिनीवर आपटून वर उसळला आणि इंजिनाने तोच गरम वायू आत ओढला तर रेटा घटतो, म्हणून ही तजवीज. चाचणी वैमानिक बिल बेडफर्ड यांचा पाय मोटार अपघातात मोडलेला आणि प्लास्टरमध्ये होता. डॉक्टरांनी त्यांना परवानगी दिली ती फक्त याच विमानाला बांधलेल्या अवस्थेत तरंगवण्याची. 21 ऑक्टोबरला, साखळदंडांनी जमिनीशी जखडलेले ते विमान काही फूट वर उठले. पहिल्या दिवसांत ते दाव्याला हिसके देत चहूकडे भरकटत होते. तोल जातो तो बंधनांमुळेच, असे लवकरच ध्यानात आले. 19 नोव्हेंबरला बंधने सोडली, तेव्हा ते खरोखरच जास्त शहाण्यासारखे वागले.

यानंतरचा क्रम सावध होता. 13 मार्च 1961 रोजी बेडफर्ड यांनी तेच विमान धावपट्टीवरून नेहमीच्या पद्धतीने उडवले, आणि तेही बेडफर्ड नावाच्याच गावाजवळच्या सरकारी तळावरून. मग एका बाजूने तरंगण्याचा वेग वाढवत आणि दुसऱ्या बाजूने उडण्याचा वेग घटवत मधली दरी थोडी थोडी बुजवत नेली. अमेरिकेत ‘नासा’च्या लँग्ली केंद्राने एक षष्ठांश आकाराची प्रतिकृती वातबोगद्यात उडवून हा मधला टप्पा पार होईल, असा दिलासा आधीच दिला होता. 12 सप्टेंबर 1961 रोजी बेडफर्ड आणि त्यांचे सहकारी ह्यू मेर्वेदर यांनी उभे उठणे, पंखांवर जाणे आणि पुन्हा उभे उतरणे हा पूर्ण फेरा पार पाडला. ज्या टप्प्याची सर्वांत जास्त धास्ती होती, तो अनपेक्षितपणे सोपा निघाला.

धोका लपला होता तो दुसरीकडे. कमी वेगात विमान आडवे सरकू लागले की हवेच्या मोठ्या प्रवेशद्वारांवरचा ताण त्याला आणखी आडवे करी आणि मग ते गर्रकन उलटण्याच्या बेताला येई. वाऱ्याची दिशा सतत डोळ्यांसमोर राहावी म्हणून काचेच्या पुढे एक लहानसे फिरते पाते लावण्यात आले. ते पुढे हॅरियरवरही राहिले. प्रवेशद्वारांच्या कडांचीही कटकट होती. तरंगताना त्या जाड हव्यात आणि वेगात पातळ. त्यासाठी हवा भरून फुगवता येणाऱ्या रबरी कडा करून पाहिल्या, पण वेगात त्या फडफडून फाटत. शेवटी आपोआप उघडणाऱ्या झडपा लावून हा प्रश्न सुटला.

अपघातही झाले. 14 डिसेंबर 1961 रोजी दुसऱ्या विमानाचे पुढचे एक नोझल उडतानाच गळून पडले. बेडफर्ड यांनी येओव्हिल्टनला उतरण्याचा प्रयत्न केला, पण विमान हाताबाहेर गेल्यावर अगदी कमी उंचीवरून त्यांना बाहेर झेप घ्यावी लागली. नोझल काचतंतूंचे होते, त्यानंतर पोलादी बसवण्यात आली. 1963 च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात तर हजारो लोकांसमोर नाचक्की झाली. नोझल वळवणाऱ्या यंत्रणेत कचऱ्याचा एक कण अडकला, तरंगत्या विमानाची नोझल आपसूक मागे वळली आणि विमान धाडकन खाली आदळले. वैमानिक बचावला आणि एक्सपी 831 दुरुस्तही झाले. हेच विमान त्याच वर्षी फेब्रुवारीत ‘आर्क रॉयल’ या विमानवाहू नौकेवर सरळ उतरले होते. आज ते लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. एकूण सहा पी.1127 बांधली गेली.

दरम्यान, याच काळात ‘नाटो’ने ध्वनीपेक्षा वेगवान अशा उभ्या उड्डाणाच्या विमानासाठी स्पर्धा जाहीर केली आणि सगळ्यांचे लक्ष तिकडे वळले. फ्रान्सच्या मिराज 3-व्ही मध्ये आठ उचलणारी आणि एक ढकलणारे अशी नऊ इंजिने होती. त्याची चाचणीप्रतिकृती बाल्झॅक दोनदा कोसळली आणि दोन्ही वेळा माणसे मेली. हॉकरचे वेगवान पी.1154 हवेत उडण्याआधीच फेब्रुवारी 1965 मध्ये ब्रिटिश सरकारने रद्द केले. मोठ्या स्वप्नांच्या या पडझडीत साधे, ध्वनीहून कमी वेगाचे पी.1127 तेवढे उडत होते. त्याच्या केस्ट्रेल या सुधारित आवृत्तीची नऊ विमाने घेऊन ब्रिटन, अमेरिका आणि पश्चिम जर्मनी यांच्या वैमानिकांचे संयुक्त पथक 1964 मध्ये वेस्ट रेनहॅम तळावर उभे राहिले आणि पुढचे वर्षभर त्यांनी शेता-रानांतून ते उडवून पाहिले.

या चाचण्यांतून एक गोष्ट कळून चुकली. विमान उभे उठू शकते खरे, पण तसे उठताना इंधन आणि बाँब फारसे नेता येत नाहीत. थोडे धावले आणि नोझल अर्धवट खाली वळवली की पंखांचीही मदत मिळते आणि तेच विमान कितीतरी जास्त ओझे उचलते. परतताना इंधन संपलेले आणि बाँब टाकलेले असल्याने विमान हलके असते, तेव्हा सरळ खाली उतरावे. छोटी धाव घेऊन उडणे आणि उभे उतरणे हीच पुढे रीत झाली. ज्या करामतीसाठी एवढा खटाटोप केला, ते उभे उड्डाण प्रदर्शनांतच जास्त दिसू लागले.

हॅरियर 31 ऑगस्ट 1966 रोजी प्रथम उडाले आणि 1969 मध्ये ब्रिटिश हवाईदलात दाखल झाले. पेगॅससचा रेटा तोवर 19,000 पौंडांवर गेला होता. अमेरिकेच्या मरीन दलानेही ते घेतले. छोट्या धावेची पुढची पायरी ब्रिटिश नौदलातील अधिकारी डग टेलर यांनी सुचवली. नौकेच्या टोकाशी धावपट्टी वर वळवली, तर विमान वर फेकले जाते आणि वेग घ्यायला त्याला हवेत काही जादा सेकंद मिळतात. ही स्की-जंप 1977 मध्ये बेडफर्डच्या तळावर जमिनीवर बांधून तपासली गेली. 1982 च्या फॉकलंड युद्धात ‘हर्मिस’ आणि ‘इन्व्हिन्सिबल’ या नौकांवरून सी हॅरियर उडाली आणि हवाई लढतीत त्यांतले एकही पडले नाही.

भारतीय नौदलाने हॅरियरची ओळख त्याआधी दहा वर्षे करून घेतली होती. 1972 मध्ये कंपनीचे प्रात्यक्षिक विमान ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवर उतरवून दाखवले गेले. डिसेंबर 1983 मध्ये पहिली सी हॅरियर दाबोळीच्या ‘आयएनएस हंसा’ तळावर आली आणि 300 क्रमांकाच्या स्क्वॉड्रनमध्ये दाखल झाली. 1971 च्या युद्धात चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले करणारी सी हॉक विमाने याच स्क्वॉड्रनची, म्हणजे हूपर यांनी ज्याची झोतविभागणी उचलली, त्या विमानाची जागा इथे त्याच्याच वंशजाने घेतली. 1987 मध्ये ‘हर्मिस’ नौकाच ‘विराट’ म्हणून भारतीय नौदलात आली, ती 12 अंशांच्या स्की-जंपसह. ‘विक्रांत’वरची विमाने फेकणारी वाफेची गलोल (कॅटापुल्ट) काढून तिलाही स्की-जंप बसवण्यात आली. अपघातांत नौदलाने बरीच सी हॅरियर गमावली. उरलेली मे 2016 मध्ये ‘हंसा’वरच निवृत्त झाली. आता 300 स्क्वॉड्रनकडे मिग-29के विमाने आहेत. ती आकड्याने नौकेवरची तार पकडून थांबतात, सरळ उतरणे त्यांना जमत नाही. मात्र ‘विक्रमादित्य’ आणि नव्या ‘विक्रांत’वरून ती उडतात ती हॅरियरसाठी शोधलेल्या स्की-जंपवरूनच.